तोंड भिंतीकडे

डोंबिवलीत एका जुन्या तीनमजली इमारतीत राहणाऱ्या एका मुलीकडे इलेक्ट्रिक गिटार होती, पण अँप नव्हता. या गिटारचं अंग भरीव असतं, त्यामुळे अँप नसला तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नाही. वाजवणाऱ्यालासुद्धा आपण काय वाजवतोय ते अर्धंच कळतं. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन मुलीने पंचवीस हजार रुपये जमवले. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: रात्रीची जेवणं उरकली की तासभर सराव, आणि एखादी चाल सुचली तर ती लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायची सोय.

दादा पुण्याला नोकरीला होता. कॉलेजात असताना तो बँडमध्ये वाजवायचा, त्यामुळे या विषयात घरात त्याचाच शब्द शेवटचा. तो म्हणाला, "शंभर वॉटचा ट्यूब अँप बघ, जुना मिळतो. लहान घेशील आणि वर्षभरात पस्तावशील. घ्यायचं तर एकदाच घ्यायचं."

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे वेदवाक्य आहे. कपाट, फ्रिज, डायनिंग टेबल, सगळं या एका वाक्यावर घरात येतं आणि मग माणसांना भिंतीला घासून चालावं लागतं.

मुलगी दुकानात गेली. विक्रेत्याने शंभर वॉटचा अँप जोडला, आवाजाचा नॉब निम्म्यावर नेला आणि एक कॉर्ड वाजवली. शोकेसच्या काचा थरथरल्या. तिच्या अंगावर काटा आला. शेजारी एक मध्यम अँप होता, तो त्याने नॉब चौथाईवर ठेवून ऐकवला. तो अर्थातच मेंगळट वाटला. ती दोन हजार बयाणा देऊनच निघाली असती, पण बाबांनी बजावलं होतं, "पैसे द्यायच्या आधी काकांना विचार."

काका म्हणजे बाबांचे जुने शेजारी. लॅमिंग्टन रोडच्या एका बोळात त्यांचं अँप दुरुस्तीचं दुकान आहे. त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रेझिस्टर घ्यायला जाणारा कुणी ते नाव घेत नाही. मुलगी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरली आणि खांद्यावर गिटार घेऊन तिथे पोचली. दुकान एवढंसं, सोल्डरिंगचा वास भरलेला. फळीवर अहुजाचे लाउडस्पीकरचे अँप, भजनी मंडळाचा मिक्सर, स्ट्रेंजरचे दोन क्यूब, आणि कोपऱ्यात दादाने सांगितलेल्याच जातीचा शंभर वॉटचा वॉल्व (म्हणजे ट्यूब) अँप, खाली बारा इंची चार स्पीकरांची पेटी.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गिटार काढ. त्या स्टुलावर बस. तोंड भिंतीकडे."

"भिंतीकडे?"

"हो. बघून ऐकायचं नाही."

तिने मागे न वळता वाजवलं. काकांनी केबल उपसली, खाट् असा आवाज झाला, पुन्हा केबल खोचली. "आता तेच वाजव. तेवढ्याच जोराने." तिने वाजवलं.

"कुठला बरा?"

"दुसरा," ती लगेच म्हणाली. "पहिला दबलेला वाटला. दुसऱ्यात खर्ज आहे, तारा सुट्ट्या ऐकू येतात. दुसरा महागाचा असणार."

"वळ."

ती वळली. दोन्ही वेळा गिटार एकाच अँपला जोडलेली होती. काकांनी केबल काढून त्याच भोकात परत घातली होती आणि मधल्या वेळात नॉब चिमूटभर वर सरकवला होता.

मुलीचे कान लाल झाले. काका हसले नाहीत. "तुझे कान चांगले आहेत. सगळ्यांचं असंच होतं. आवाज थोडासाच वाढला तर कानाला तो मोठा झालाय हे कळत नाही, चांगला झालाय असं वाटतं. हळू आवाजात कान खर्ज कमी ऐकतो, अगदी वरचे सूरही कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतून याचे आलेखच काढून छापले. तुझा दुकानदार चोर नाही. त्याने फक्त जो विकायचा आहे त्याचा नॉब जास्त फिरवला."

मग खरी तुलना सुरू झाली. "घरी रात्री किती आवाज चालेल?" काकांनी विचारलं. ती म्हणाली, टीव्हीवरच्या बातम्यांएवढा, तोही दार लावून. काकांनी मोबाइलवरचं डेसिबलचं मीटर तिच्या कानाच्या उंचीवर धरलं, आणि प्रत्येक अँप त्याच आकड्यावर आणून मगच तिला वाजवायला सांगितलं. शंभर वॉटचा अँप त्या आकड्यावर आणताना त्यांची पंचाईत झाली. शून्यावर काही नाही, केसभर फिरवला की बोळातली माणसं वळून बघणार. कसाबसा बसवला तेव्हा आवाज आला तो पातळ आणि निर्जीव.

"हाच का तो?" मुलीने मागे न बघता विचारलं.

"हाच. वॉल्व अँपची जी गोडी तू ऐकली आहेस ना, त्यातली बरीचशी आउटपुटचे वॉल्व जोर लावायला लागले की येते. इथे ते झोपलेत. हे चार बारा इंची स्पीकरसुद्धा धड हलत नाहीत. तू पैसे मोजणार शंभर वॉटचे आणि वापरणार अर्ध्या वॉटपेक्षा कमी."

वॉटचा हिशेबही त्यांनी तिथेच सांगितला. वॉट दुप्पट झाले की आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. म्हणजे शंभर वॉटचा अँप दहा वॉटच्या अँपहून दहापट मोठा नसतो, दुपटीच्या आसपास असतो. आणि दहा वॉटदेखील डोंबिवलीतल्या खोलीला डोईजड. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. त्यातून वरच्या मजल्यावरच्या आजी नियम वाचायला थांबत नाहीत.

"पण मोठे गिटारवादक मोठेच अँप वापरतात ना?"

"स्टेजवर. लंडनला जिम मार्शल नावाचा ड्रमवाला होता, त्याचं वाद्यांचं दुकान. 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडने त्याच्याकडे हट्ट धरला म्हणून १९६५च्या सुमाराला शंभर वॉटचे अँप निघाले. मागे ड्रम बडवणारा, पुढे ओरडणारी हजारो माणसं, त्यांच्यावर आवाज काढायचा होता. तुझ्यामागे कोण बडवतंय?"

"मिक्सरवर चटणी."

"मग स्टुडिओतली गोष्ट ऐक. १९७० साली एरिक क्लॅप्टन मायामीत 'लैला' रेकॉर्ड करत होता, तेव्हा त्याच्यापुढे फेंडर चँप होता. पाचेक वॉटचा, आठ इंची एक स्पीकर. शिकाऊ पोरांसाठी काढलेला अँप. माइकला अँप किती मोठा आहे हे दिसत नाही. त्याच्या तोंडाशी जे येतं तेवढंच त्याला कळतं. लहान अँप लवकर तापतो, त्याचा आवाज पिकतो, आणि खोली फुटत नाही."

मग त्यांनी क्वीनची गोष्ट सांगितली. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला. त्याच बँडमध्ये जॉन डीकन बेस गिटार वाजवायचा, आणि तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर होता. १९७२च्या सुमाराला त्याला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडलं. ते त्याने घरच्या कपाटात ठेवायच्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. त्याला एकही नॉब नाही. बँडचा गिटारवादक ब्रायन मेने त्या खोक्यावर गिटारचे थरावर थर रेकॉर्ड केले. १९७५च्या त्यांच्या अल्बममधल्या एका गाण्यात अख्खा जॅझचा बाजा वाजतोय असं वाटतं, तो गिटारमधून आणि या खोक्यातून आलेला आहे.

मुलीला पटलं. जरा जास्तच पटलं. "म्हणजे सगळ्यात लहान घेते. पैसेही वाचतील."

"लहान चांगला असं मी कुठे म्हटलं?" काकांनी फळीवरून तळहाताएवढा एक अँप काढला आणि तिला पुन्हा भिंतीकडे वळवलं. एकेकटी तार ठीक वाजली. कॉर्ड वाजवली तर खालच्या तारा गायब, उरली ती किरकिर. "दोन इंची स्पीकर खर्ज आणणार कुठून? डीकनच्या खोक्यात निदान घरात वापरायचे स्पीकर तरी होते. शिवाय रात्री अकराला तुला हेडफोन लागणार, याला भोकच नाही."

शेवटी काकांनी बॉस कंपनीचा कटाना ५० जोडला. दुरुस्तीला आलेला, पण मालकाने मोठा घेतल्यामुळे विकायला ठेवलेला. बारा इंची एक स्पीकर. त्याला ताकदीचा खटका असतो: पन्नास वॉट, पंचवीस वॉट आणि अर्धा वॉट. अर्ध्या वॉटवर नॉब भरपूर फिरवता येतो आणि आवाज बातम्यांएवढाच राहतो. हेडफोनचं भोक आहे, आणि यूएसबीची वायर थेट लॅपटॉपला. हे दुसरं कामाचं. अँपमधला खरखरीत आवाज स्पीकर वगळून थेट लॅपटॉपला दिला तर डब्यात कोंडलेल्या माशीसारखा ऐकू येतो, कारण गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर खाऊन टाकतो आणि लॅपटॉप काही खात नाही. अशा अँपमध्ये ती गाळणी चिपमध्येच बसवलेली असते. माइक लावून रेकॉर्ड करायची हौस पुढे आली, तर १९६५ पासून चालत आलेला शुअरचा एसएम ५७ घ्यायचा, स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवायचा आणि मधोमध ठेवण्याऐवजी जरा कडेला सरकवून बघायचा, असं काकांचं म्हणणं.

"यात वॉल्व आहे का?" तिने विचारलं.

"नाही. चिप वॉल्वची नक्कल करते. नक्कल म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांनाही स्टुलावर बसव, तोंड भिंतीकडे."

सोळा हजारांना सौदा झाला.

घरी आणून लावला आणि पहिल्याच रात्री घरघर. वाजवणं थांबलं की अँप गुरगुरायला लागायचा. काकांनी फोनवर विचारलं, गिटार धरून जागच्या जागी फिरलीस तर कमी-जास्त होते का? होत होती. तो पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या चुंबकी गुंडाळ्यांचा दोष. सिंगल कॉइलचे पिकअप ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, सगळ्यांचं गुणगुणणं उचलतात. ट्यूबलाइट बंद करून खिडकीकडे तोंड केलं तर निम्मी घरघर गेली. निम्मी राहिली. दादाने पुण्याहून तोडगा पाठवला: "प्लगची तिसरी पिन काढून टाक. आम्ही कॉलेजात तेच करायचो."

हे कळल्यावर काका फोनवर पहिल्यांदाच ओरडले. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली तर ती जमिनीत जायची वाट म्हणजे ती तिसरी पिन. ती काढली की उरते वाट वाजवणाऱ्याच्या हातातून. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झीला 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून भर स्टेजवर गेला.

रविवारी काका टेस्टर घेऊन डोंबिवलीला आले आणि त्यांनी भिंतीतलं सॉकेट उघडलं. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. कधीच नव्हती. इमारत बांधणाऱ्याने भोकं तीन ठेवली आणि वायरी दोन ओढल्या. आई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अगंबाई, म्हणून फ्रिजला ओला हात लागला की झिणझिण होते होय! मला वाटलं फ्रिज जुना झाला." बाबा गेल्या दिवाळीपासून नव्या फ्रिजसाठी पैसे बाजूला टाकत होते.

वायरमनने मीटरपासून घरात अर्थिंग ओढून दिलं, सहा हजार दोनशे रुपये झाले. उरलेल्या पैशांत एक बरी केबल आणि हेडफोन आले. फ्रिज बदलायचा बेत रद्द झाला.