पाहणे आणि परतणे

पाऊस ओसरू लागला की साताऱ्याजवळच्या कास पठाराची छायाचित्रे सगळीकडे दिसू लागतात. क्षितिजापर्यंत गुलाबी तेरडा, वर उतरलेले ढग आणि चौकटीत एकही माणूस नाही. चित्र खोटे नसते, पण पठाराच्या वर्षातले ते मोजके दिवस असतात. उरलेल्या महिन्यांकडे कॅमेरा क्वचितच वळतो. निसर्गाच्या छायाचित्राला निसर्गलेखनाची गरज भासते ती इथेच.

अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर यांनी ही गरज ओळखली होती. शिक्षणाने ते डॉक्टर. हार्वर्डमधले काम सोडून ते छायाचित्रणाकडे वळले. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांची कृष्णधवल शिखरे लोकांच्या मनात ठसलेली असताना पोर्टर रंगीत फिल्म घेऊन रानात खाली वाकले. मेपलची गळालेली पाने, खडकावरचे शेवाळ, साचलेल्या पाण्यातले आभाळ हे त्यांचे विषय. या चित्रांचे अमेरिकन निसर्गलेखक थोरोच्या लेखनाशी असलेले नाते त्यांच्या पत्नीने हेरले. मग पोर्टर थोरो वाचत राहिले आणि त्याच्या उताऱ्यांशेजारी शोभतील अशी दृश्ये वर्षानुवर्षे टिपत राहिले. थोरोच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या १९६२ साली सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेने त्यांचे पुस्तक काढले. त्याची मांडणी ऋतूंनुसार आहे.

मराठी वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मराठी महिन्यांच्या क्रमाने चालते, आणि थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणले तेही दुर्गाबाईंनीच. बारा महिने लिहायचे तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, ते मोहरलेले असताना आणि उघडेबोडके असतानाही. परतण्याची ही सवय लेखनाने छायाचित्राला द्यावी, असे मला वाटते.

चित्र स्वतःच बोलते, मग शब्द कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात मिळते. तिथल्या डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकात, एको पार्क येथे, धरण व्हायचे होते. १९५५ साली लेखक वॉलेस स्टेग्नर यांनी त्या प्रदेशावरचे लेख आणि छायाचित्रे एकत्र करून पुस्तक सिद्ध केले आणि त्याच्या प्रती अमेरिकी संसदेच्या सदस्यांपर्यंत पोचवण्यात आल्या. मोठ्या लोकचळवळीला या पुस्तकाचे बळ मिळाले आणि एको पार्क वाचला. पण त्यासाठी झालेल्या तडजोडीत ग्लेन कॅन्यन या घळीतल्या धरणाला वाट मोकळी झाली, कारण ती घळ फार थोड्यांनी पाहिली होती. पोर्टर तिथे पोचले तेव्हा धरणाचे काम सुरू होते. ‘कोणालाच ठाऊक नसलेली जागा’ अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे पुस्तक १९६३ साली आले. त्याच वर्षी घळीत पाणी चढू लागले. चित्रे अप्रतिम होती, पण त्यांना वाचवायला आता काही उरले नव्हते. ओळख उशिरा झाली की सौंदर्याचा नुसता दस्तऐवज होतो.

कासची अडचण उलटी आहे. ते सर्वांना ठाऊक आहे, पण एकाच रूपात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि आता बहराच्या काळात तिथल्या गर्दीवर मर्यादा घालावी लागते. जांभ्या खडकावर मातीचा थर किती पातळ आहे, त्या निकस मातीत दवबिंदू ही वनस्पती किडे पकडून कशी जगते, हे दुरून टिपलेल्या गुलाबी चित्रातून कळत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते. चित्र आपल्याला पठारावर घेऊन जाते, पण पाऊल कुठे टाकू नये ते शब्द सांगतात.

म्हणून कासचे एक छायाचित्र एप्रिलमध्ये काढलेले असावे. तापलेला काळपट कातळ, त्याच्या भेगेतली चिमूटभर माती. त्याखाली कोणी एवढेच लिहावे, की सप्टेंबरचे बी इथे आहे.