नुसतं उभं राहणं

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, दिवसातून उभ्या किती वेळ असता?" आणि मला उत्तरच सुचेना. किती चालते ते सांगता आलं असतं, फोन रोज पावलं मोजून देतो. किती झोपते तेही देतो. उभं राहणं मात्र मी कधी मोजलंच नव्हतं. ते काही काम असतं असंही वाटलं नव्हतं.

मग तिथेच बसल्या बसल्या बेरीज केली. सकाळी ओट्यापाशी दीड तास. शाळेत फळ्यापाशी चार. लोकल पनवेलहूनच सुटते, म्हणून जाताना बसायला जागा मिळते. पण येताना चेंबूरला चढलं की वाशी-नेरूळपर्यंत कडी धरून अर्धा तास. घरी आलं की पुन्हा ओटा, पुन्हा दीड तास. साडेसात झाले. आजी चुलीपुढे पाटावर बसून भाकऱ्या थापायची. ओटा आला तेव्हा बायकांची वाकण्यातून सुटका झाली असं सगळेच म्हणाले. झाली खरी सुटका, पण उभ्याने.

माझ्या डाव्या पोटरीवर गुडघ्यामागून निघून घोट्याकडे उतरणाऱ्या फुगीर, वेड्यावाकड्या शिरा आहेत. संध्याकाळी पाय शिसं भरल्यासारखा जड होतो, रात्री गोळे येतात. वर्गात मीच शिकवते की हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि परत आणणारी ती नीला. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींची नावं वाटावीत अशी. यातल्या नीलेचं दुखणं माझ्या वाट्याला आलं.

डॉप्लर तपासणीही उभ्यानेच केली. पोटरी दाबली की पडद्यावर निळा रंग वर सरके, हात सोडला की लाल रंग खाली घसरे. वर गेलेलं रक्त परत उतरत होतं. मला एकदम आमच्या सोसायटीचा पंप आठवला. फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी असंच उतरतं आणि सकाळी गच्चीवरची टाकी कोरडी. नीलेतही थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात, रक्ताला फक्त वरची वाट देणाऱ्या. शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसियसने त्यांचं वर्णन १६०३ मध्ये छापलं आणि त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्त शरीरभर फिरतं हे सिद्ध करताना त्यांचाच आधार घेतला. पंप कुठला, तर पोटरी. पाऊल टाकलं की तिचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. स्तब्ध उभं राहिलं तर घोट्यापाशी नीलेतला दाब पाऱ्याच्या ऐंशी-नव्वद मिलिमीटरपर्यंत जातो. झडपा धड असतील तर काही पावलं चालताच तो तिसाच्या खाली येतो. माझ्या साडेसात तासांत पंप बहुतेक बंदच होता.

अशा शिरांवरच्या उपचारांसाठी 'विनाशस्त्रक्रिया' हा शब्द आता फलकांवर सारखा दिसतो. पूर्वी जांघेत छेद घेऊन आख्खी शीर ओढून काढत. आता सोनोग्राफीत बघत बारीक तार शिरेत सरकवतात आणि लेसरने किंवा रेडिओलहरींनी आतून ती शेकून बंद करतात. लहान शिरांत फेसाळ औषधाचं इंजेक्शन देतात. गंमत अशी की गळकी झडप कोणी दुरुस्त करत नाही. ती वाटच बंद करतात, रक्त खोलवरच्या धडधाकट शिरांनी जातं. आणि झाल्यावर पेशंटला काय सांगतात? चाला.

माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही. मला मोजे दिलेत. घोट्याशी घट्ट, वर सैल होत जाणारे. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचे. पनवेलच्या मे महिन्यात ते चढवणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. पावसाळ्यात ते वाळत नाहीत ते वेगळंच. शेजारच्या काकूंनी एरंडेल चोळायला सांगितलं. १८७२ पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आमच्या गावात आहे, म्हणून इथे प्रत्येक जण अर्धा वैद्य असतो. डॉक्टर म्हणाले, फुगलेल्या शिरा जोरात चोळू नका, पाय उशीवर ठेवून पडा. आणि एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर मोजे-उशी सोडून थेट इकडे या.

आता पहाटे वडाळे तलावाभोवती फिरते. फिरताना वारकऱ्यांचा विचार येतो. उभं राहायचं काम विठोबाकडे सोपवून ते आपले चालत राहतात. आम्ही नेमकं उलट केलं, देवासारखे उभे राहिलो.

उभ्याने काम करणाऱ्यांसाठी काही कायदा आहे का ते शोधल्यावर कळलं की १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं: उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय हवी. दुकानांतल्या मुलींना मात्र ते लागू नव्हतं. केरळात त्या मुली भांडल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क आला. २०२१ मध्ये तमिळनाडूतही.

परवा भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला एका दुकानात गेले. मला लगेच स्टूल मिळालं. समोरची मुलगी विशीतली असेल. ती दर साडीला या पायावरून त्या पायावर भार टाकत होती. मी विचारलं, "तू कधी बसतेस गं?" तिने वरच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं. "जेवताना," म्हणाली, आणि पुढची साडी उलगडली.