लेकरानं मोठ्यांना विचारावं का?



दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. बाजारहत्नूरच्या आपल्या बालसंस्कार वर्गात मी मुलांना साबण लावून वीस सेकंद हात कसे धुवायचे ते शिकवलं. आरती झाली. मी दानपेटीतले पैसे मोजले आणि तशीच प्रसाद वाटायला उठले. तिसरीतला एक मुलगा हात पुढे करता करता थांबला. म्हणाला, "आजी, तुम्ही हात धुतले का?"

मी डोळे वटारले. "मोठ्यांना असं विचारतात का?" लेकरानं मान खाली घातली अन् मुकाट्यानं प्रसाद घेतला.

रात्री झोप लागेना. त्याचं काय चुकलं? मी शिकवलेलंच त्यानं मला विचारलं. आणि मी त्याला दुसराच धडा दिला, की मोठं माणूस चुकलं तरी आपण गप्प बसायचं.

हा धडा साधा नाही. 'कुणी नको तिथे हात लावला तर नाही म्हण, घरी येऊन सांग' हेही आपणच शिकवतो. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ हा मदतीचा नंबर आहे. पण आधी लेकरानं तोंड तर उघडायला हवं! असं वागणारा बहुतेक वेळा ओळखीचा, मोठाच असतो. हाताबद्दल विचारलं म्हणून ज्याला गप्प केलं, ते त्या दिवशी कसं बोलेल?

कुणी म्हणेल, अशानं मुलं उद्धट होतील. आज्ञा पाळणं हा संस्कारच आहे, मान्य. पण प्रल्हादानं बापाला नकार दिला, नचिकेतानं वडिलांना प्रश्न विचारला. त्यांना आपण उद्धट म्हणतो का? उद्धटपणा बोलण्याच्या रीतीत असतो, प्रश्नात नसतो. रीत शिकवावी, प्रश्न मारू नये.

बीड जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं ५०० जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. त्यात नुसता उपदेश नसतो. मुलं जोडीनं, गटानं बसून बोलतात, करून बघतात. आपणही तसंच करू या.

घरी एवढं पाळू या. पाहुण्यांच्या मांडीवर बसायची बळजबरी नको, नमस्कार लांबूनही होतो. लेकरू काही सांगायला आलं तर हातातलं काम ठेवून ऐकू या.

परवाच्या रविवारी मी सगळ्यांसमोर हात धुतले आणि त्याला म्हटलं, "बाळा, त्या दिवशी तुझं बरोबर होतं." तो लाजला. मग हळूच म्हणाला, "आजी, नखं पण बघू?"

मी हात पुढे केले.

॥ जय सद्गुरू ॥