तेच मूल, पुन्हा

शाळेत असताना स्कॉलरशिपची बुद्धिमत्ता चाचणी ज्याने कधी सोडवली नाही, असा मराठी मध्यमवर्गीय विरळाच. संख्यांच्या मालिका, विसंगत पद, आरशातली प्रतिमा. आधी चौथी-सातवीला, मग पाचवी-आठवीला. निकाल लागतो, यादी लागते, आणि यादीतल्या पोरांचे फोटो क्लासच्या फलकावर झळकतात. मनाचं मोजमाप म्हणजे ही यादी, असं आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की मुलांची वाढ आकड्यांनी अभ्यासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगायला लागलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘म्हणजे आयक्यू काढतात ना?’

यादीचा प्रश्न साधा असतो: आज या मुलापुढे किती जण आहेत? वाढीच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा: सहा महिन्यांपूर्वीच्या तुलनेत हे मूल आज कुठे आहे, आणि मधल्या काळात काय घडलं? पहिल्याचं उत्तर एका सकाळी मिळतं. दुसऱ्यासाठी तेच मूल पुन्हा गाठावं लागतं, अनेकदा वर्षानुवर्षं. आपण पहिल्या प्रश्नावर परीक्षा परिषद चालवतो. दुसरा मात्र एखाद्या चिकट माणसाच्या वैयक्तिक हट्टावर सोडून दिला आहे.

सुरुवात अशी नव्हती. 1905 मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत देता यावी म्हणून. 1916 मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी ती अमेरिकेसाठी घडवली. तिथून ती आपल्याकडे आली ती धारवाडमार्गे. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती नव्याने बांधली आणि 1940 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परक्या मुलांसाठी केलेला प्रश्न आपल्या मुलाला विचारून त्याला मठ्ठ ठरवायचं नाही, हे त्या काळात ठामपणे सांगणारं ते काम होतं. पण पुढे आपण काय केलं? बिने-कामत चाचणी दशकानुदशकं तशीच वापरत राहिलो. संशोधक जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवलं, की अमेरिकेत पिढी बदलते तसे या चाचण्यांवरचे सरासरी गुण वर सरकतात, दशकाला साधारण तीन. म्हणजे आजच्या मुलाला आजोबांच्या काळातलं मानक लावलं की आकडा फुगतो, आणि ज्याला खरोखर आधाराची गरज आहे ते मूल कागदावर ‘ठीक’ दिसू शकतं. मानकं पुन्हापुन्हा काढावी लागतात. त्या कामाला ना बक्षीस, ना बढती.

म्हणूनच मला प्रमिला फाटक यांचं काम फार मोठं वाटतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून झालेल्या या कामाचं नाव बालरोगतज्ज्ञ ‘बडोदा मानकं’ म्हणून रोज घेतात. करणाऱ्या बाईंचं नाव मराठी वाचकाला बहुधा माहीत नसतं. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या मापनश्रेणीवर त्यांनी बडोद्यातली बाळं तपासली, एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंत. बाळ ठोकळा पकडतं का, ठोकळे कपात टाकतं का, झाकलेलं खेळणं शोधतं का. त्यातून तयार झालेल्या श्रेणीत (1997 च्या सुधारित आवृत्तीनुसार) शरीराच्या हालचालींच्या 67 आणि मनाच्या वाढीच्या 163 पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी शंभरातली 3 बाळं कधी गाठतात, 50 कधी आणि 97 कधी, याची वयं दिली आहेत.

हे तीन आकडे दिसायला कोरडे आहेत, पण त्यांच्यात एक उदारपणा आहे. एकच सरासरी वय दिलं असतं, तर निम्म्या आया उद्यापासून काळजीत पडल्या असत्या. 3 आणि 97 ही दोन टोकं सांगतात की निरोगी बाळांमध्येही मोठं अंतर असतं. काळजी करायची ती त्या पट्ट्यापलीकडे गेल्यावर. याच मानकांवरून पुढे तिरुवनंतपुरमला 17 पायऱ्यांचा तक्ता तयार झाला. बाळाच्या वयावर उभी रेघ धरायची आणि रेघेच्या डाव्या बाजूला पूर्ण राहिलेली पायरी जमत नसेल, तर बाळाला तज्ज्ञाकडे पाठवायचं. अंगणवाडी ताई पाच-सात मिनिटांत हे करू शकते. एका संशोधिकेच्या तक्त्यातले आकडे ताईच्या हातातल्या रेघेपर्यंत पोचणं, हे मला कुठल्याही आंतरराष्ट्रीय नियतकालिकातल्या निबंधाइतकंच मोलाचं वाटतं.

मोजणाऱ्यांचा प्रामाणिकपणाही नोंदवायला हवा. बेली यांनी बर्कलेतली मुलं जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत पुन्हापुन्हा तपासली आणि 1949 मध्ये स्वतःच्याच श्रेणीविरुद्ध जाणारी गोष्ट छापली: पहिल्या वर्षातल्या गुणांवरून पुढच्या बुद्धीचा जवळजवळ काहीच अंदाज येत नाही. बाळाचं आजचं माप म्हणजे भाकीत नव्हे. ‘पोराला शिक्का बसेल’ म्हणून तपासणीला घाबरणारे पालक चुकीचे नाहीत. एकदाच मोजलं तर आकडा शिक्काच होतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मोजलं तरच उशिरा चालू लागलेलं बाळ आणि खरोखर अडलेलं बाळ यांतला फरक दिसतो.

पुनःपुन्हा मोजण्यातून काय हाती लागतं, याचं आपल्याकडचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पुण्याजवळच्या सहा गावांतलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने 1993 मध्ये तिथल्या गरोदर बायकांचा आहार आणि रक्त तपासायला सुरुवात केली. सुमारे आठशे गरोदरपणं नोंदली गेली. ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-12 जीवनसत्त्व सर्वांत कमी होतं आणि ज्यांच्या सर्वांत जास्त होतं, अशा दोन गटांची मानसिक चाचणी झाली. तर्काच्या कोड्यांत, म्हणजे स्कॉलरशिपछाप प्रश्नांत, फरक आढळला नाही. तो दिसला लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणण्यात. शंभरेक मुलांच्या अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण यादी लावणाऱ्या परीक्षेला ही उणीव दिसलीच नसती. पुढे त्याच पिढीतल्या मुलींना लग्नाआधीपासून बी-12 दिलं गेलं आणि त्यांच्या बाळांची दोन वर्षांच्या सुमारास तपासणी झाली. बी-12 मिळालेल्या गटात आकलन आणि भाषेचे गुण चढे निघाले. मोजायला वापरली होती बेलींचीच श्रेणी, नवी आवृत्ती.

आजी, आई, बाळ. असं काम तीन-चार वर्षांच्या पीएचडीत बसत नाही आणि दोन वर्षांच्या अनुदानातही नाही. आपली विद्यापीठं प्राध्यापकाला दरवर्षी किती निबंध छापले ते विचारतात; किती मुलं दहा वर्षांनंतरही संपर्कात आहेत, हे विचारणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

हे सगळं गावपातळीवर कसं दिसतं, त्यासाठी खुटबावचं उदाहरण घेऊ. पुणे-दौंड लोहमार्गावरचं यवत आणि केडगावच्या मधलं हे स्टेशन, भोवती उसाचा मुलूख. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हापासून तीच मुलं महिन्यामागून महिना वजनकाट्यावर ठेवण्याचा रिवाज अशा गावांत रुजला. तक्त्यावर बाळाची रेघ कुठे वळली, हे आयांना कळतं. म्हणजे पुन्हा मोजण्याची सवय आहे. मनाची रेघ मात्र कुणी काढत नाही. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला विलंब शोधणं आहे, ही मोठी सुधारणा. पण शोधणं वेगळं आणि मागोवा घेणं वेगळं.

याच मुलखात या शास्त्राचा सर्वांत अवघड प्रश्न दर हंगामात येऊन उभा राहतो. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मराठवाड्यातून येतात, पट्टा पडला की जातात. त्यांची तान्ही मुलं दोन्हीकडच्या नोंदींत अर्धवट राहतात. 1976 मध्ये संख्याशास्त्रज्ञ डोनल्ड रुबिन यांनी हरवलेल्या आकड्यांचं गणित मांडलं. त्याचा कळीचा मुद्दा असा: माणसं योगायोगाने गळाली तर हिशेब सावरता येतो, पण जे गळाले त्यांचं गळणंच त्यांच्या हालाखीशी जोडलेलं असेल, तर उरलेल्यांची सरासरी खोटी गोड निघते. मजुरांच्या कोप्यांतली मुलं वगळून काढलेली दौंड-शिरूरची बालवाढ अशीच गोड निघेल. संख्याशास्त्राची कुठलीही युक्ती ती पूर्ण दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी बीडच्या वाडीतली आणि खुटबावच्या फडावरची नोंद एकाच बाळाच्या नावावर जुळायला हवी, आणि पुढच्या हंगामात ती उघडून पाहणारा मानसशास्त्रज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात कायम पगारावर हवा.