पहिल्या पानाची नियत

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तीनशे पानांसाठी एका जागी बसवणे ही सोपी गोष्ट नाही. आई-वडिलांना ते जमत नाही, शिक्षकांनाही क्वचितच जमते. पण किशोरांसाठी लिहिलेली एखादी अद्भुतरम्य कादंबरी हे काम पहिल्या दहा-पंधरा पानांत करून टाकते. मूल जेवायला उठत नाही, हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही. लेखकाने हे साधले कसे, हा झाला कारागिरीचा प्रश्न. त्याला हे साधण्याचा हक्क कोणी दिला, हा नीतीचा प्रश्न. मुलाचे लक्ष ही त्या मुलाची मिळकत असते. काही तासांसाठी ती जो आपल्या ताब्यात घेतो, तो त्या मुलाचा अमानतदार ठरतो. या अमानतीचा हिशेब कसा मागावा?

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही. मक्केत हजरत पैगंबर (स.) लोकांना कुराण ऐकवत असत, तेव्हा नज्र बिन हारिस नावाचा एक कुरैशी पुढे येऊन इराणच्या रुस्तुम आणि इस्फंदियारच्या कथा सांगे आणि श्रोत्यांना आपल्याकडे ओढून घेई. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये याची नोंद आहे. सूरे लुकमानमध्ये लोकांना भुलवून वाट चुकवणाऱ्या बोलण्याचा जो निषेध आहे, त्याचा संबंध अनेक मुफस्सिरांनी याच नज्रशी जोडला आहे. नज्रच्या गोष्टी नक्कीच रटाळ नसणार. रटाळ असत्या तर त्यांची दखल घ्यायचे कारणच नव्हते.

याच्या उलट उदाहरण 'अलिफ लैला'तील शहरजादचे. रोज एक नवी नवरी आणून सकाळी तिचा जीव घेणाऱ्या बादशहापुढे ती गोष्ट सुरू करते आणि पहाट होताच ऐन मोक्यावर थांबते. पुढे काय झाले हे कळावे म्हणून बादशहा तिला आणखी एक दिवस जगू देतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'मुळे ही शहरजाद मराठी घरांतही पोहोचली. उत्सुकतेचा गळ टाकण्यात नज्र आणि शहरजाद दोघेही तरबेज होते. एकाने तो सत्य कानांवर पडू नये म्हणून टाकला, दुसरीने तलवार थांबावी म्हणून. कसब सारखेच, नियत मात्र वेगळी. तेव्हा गोष्ट मन बांधून ठेवते एवढ्यावरून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. मन बांधून ती त्याला कोणत्या दिशेला वळवते, हे पाहावे लागते.

उर्दू दास्तानगोला एक सोय होती. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड निघाले, पण त्याआधी या दास्ताना मैफलीतच जगत होत्या. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले, तोवर ही कला कशीबशी तग धरून होती. दास्तानगोला श्रोता समोर दिसे. कोणी जांभई दिली की तो लढाई आणी किंवा अमर अय्याराला जंबीलसह पुढे करी. कादंबरीकाराला वाचकाची जांभई दिसत नाही. दारात उभा असलेला पाहुणा आत येईल की परत फिरेल, याचा फैसला त्याला पहिल्या प्रकरणातच करून घ्यावा लागतो. म्हणूनच लेखकाची नियत पहिल्या प्रकरणात जितकी उघडी पडते तितकी पुढे पडत नाही.

१९९७ साली लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने जे. के. रोलिंग यांचे जे पहिले पुस्तक काढले, ते पुढे मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आले. अनेक प्रकाशकांनी ते आधी नाकारले होते. ब्लूम्सबरीच्या प्रमुखांनी सुरुवातीची पाने घरी नेली. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने ती वाचली आणि पुढची मागितली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्या पानांत होते तरी काय? सुरुवातीला नायक दिसतच नाही. दिसतो तो ड्रिल यंत्रांच्या कंपनीतला एक गुबगुबीत साहेब. आपण चारचौघांसारखे आहोत याचा त्याला भारी अभिमान. त्या दिवशी त्याला एक मांजर नकाशा वाचताना दिसते, भरदिवसा घुबडे उडतात, रस्त्यात झगे घातलेली माणसे कुजबुजतात, आणि हा गृहस्थ सगळ्याकडे डोळेझाक करतो. तो जितके नाकारतो तितके वाचणारे मूल पुढे सरकते. मग रात्री दारात एक यतीम बाळ ठेवले जाते, आणि दहा वर्षांनी ते आपल्याला जिन्याखालच्या कपाटात झोपताना भेटते.

या सुरुवातीचे खरे बळ त्या कपाटात आहे, असे मला वाटते. घुबडे आणि मांजर कुतूहल जागे करतात, पण मूल थांबते ते जुलूम पाहून. मुलांची न्यायबुद्धी फार तीक्ष्ण असते; खाऊची वाटणी करून पाहा म्हणजे कळेल. यतीमाशी सख्तीने वागू नये, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो, आणि आपले पैगंबर (स.) स्वतः यतीम होते. म्हणून इंग्लंडातल्या त्या कपाटाचे दुःख आपल्या मुलाला परके वाटत नाही.

तरीही या सुरुवातीत एक गोड धोका आहे. हा यतीम नुसता यतीम नाही. जादूगारांच्या दुनियेत त्याचे नाव घरोघरी ठाऊक आहे, बँकेच्या तिजोरीत त्याच्यासाठी सोने ठेवलेले आहे, आणि अकराव्या वर्षी त्याला निवडीचे पत्र येणार आहे. वाचणाऱ्या मुलाच्या कानात हळूच सांगितले जाते की तूही कदाचित असाच असशील, तुझेही पत्र येईल. हा खुशामतीचा गळ झाला. पुढच्या खंडांत रोलिंग यांनी मैत्री आणि त्याग यांची किंमत हॅरीकडून पुरेपूर वसूल केली, हे कबूल केले पाहिजे. पण ज्यांनी त्यांची नक्कल केली, त्यांतील कित्येकांनी पत्र तेवढे उचलले आणि किंमत वगळली.

उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये उलटी वाट धरली. हा मुलगा पुढे थोर जादूगार होणार, हे त्या आरंभीच सांगून मोकळ्या होतात. काय होणार ही उत्सुकताच संपवून टाकतात. मग दाखवतात तो डोंगराळ बेटावरचा, बिनआईचा, शेळ्या राखणारा, सावळ्या-तांबूस वर्णाचा पोरगा. पहिल्याच प्रकरणात गावावर धाड येते, तेव्हा तो तुटपुंज्या विद्येच्या बळावर धुके उभे करून गाव वाचवतो आणि स्वतः वाचा हरवून बसतो. इथे विद्येचा पहिला उपयोग दुसऱ्यांसाठी होतो आणि तिची किंमत लगेच मोजावी लागते. हाच मुलगा पुढे गर्वापायी एक काळी सावली जगात सोडतो. त्याचे थोरपण आधीच माहीत असल्यामुळे वाचकाला प्रश्न पडतो तो एवढाच, की असा गर्विष्ठ मुलगा थोर झाला तरी कसा?

पण नीतीच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती फिलिप पुलमन यांच्या १९९५ सालच्या 'नॉर्दर्न लाइट्स'ची सुरुवात. लायरा नावाची एक उनाड मुलगी कॉलेजातल्या अशा दालनात शिरते जिथे तिला मज्जाव आहे. चाहूल लागताच ती लपते. लपल्या जागेवरून तिला दिसते की कॉलेजचे प्रमुख, जे एरवी तिचे पालनकर्ते आहेत, दारूच्या सुरईत पांढरी पूड मिसळत आहेत. ती दारू तिच्या काकासाठी आहे, निदान ती त्याला काका समजते. तिचा सोबती पॅन, जो तिचाच आत्मा प्राण्याच्या रूपात आहे, तिला निघून जाऊ म्हणतो. ती जात नाही. बोलली तर आपण इथे चोरून शिरलो हे उघड होणार. गप्प राहिली तर एक जीव जाणार.

हा गळ पाहा कसा आहे. इथे ना खजिना, ना पत्र, ना खुशामत. वाचणारे मूल त्या कपाटात लायराशेजारी बसते आणि त्याच्यापुढे एकच सवाल असतो: मी बोललो असतो का? साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी ती द्यावी, अशी सूरे निसामध्ये शिकवण आहे. मोठ्यांनाही जड जाणारी ही शिकवण एका उनाड पोरीच्या छातीत धडधडताना दिसते. ती बाहेर झेपावते आणि प्याला उडवते. शाबासकी तर दूरच, काका तिलाच दमात घेतो आणि पुन्हा कपाटात बसून पाळत ठेवायला सांगतो.

पुढे कळते की विष घालणारे प्रमुख दुष्ट नव्हते; मोठा अनर्थ टळावा म्हणून ते त्या थराला गेले होते. आणि ज्याला लायराने वाचवले, तो माणूस पुस्तकाच्या शेवटी तिच्याच जिवलग मित्राचा बळी घेतो. मग तिने बोलायला नको होते का? माझे उत्तर असे आहे की साक्ष जे दिसले त्याची द्यायची असते. पुढचे सगळे दिसावे अशी अट घातली तर जगात कोणीच कधी बोलणार नाही. पण हे उत्तर पहिल्या पानाने मुलाला आयते दिलेले नाही. त्याने सवाल दिला आणि शेवटच्या पानापर्यंत तो जिवंत ठेवला. अमानत परत करणे म्हणतात ते हेच.

आता आपल्या घरांतला आक्षेप. जादू हराम आहे, मग मुलांच्या हाती अशी पुस्तके का द्यावीत? ही काळजी केवळ आपलीच नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २००० ते २००९ या दशकात ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप आले त्यांची यादी केली, तेव्हा हॅरी पॉटरची मालिका पहिल्या क्रमांकावर होती. तिथे आक्षेप घेणाऱ्यांत धर्मनिष्ठ ख्रिस्ती पालक बरेच होते. पुलमन यांच्या पुस्तकांत तर धर्मसत्तेवर कडाडून हल्ला आहे, तेव्हा पालकांनी ती आधी स्वतः वाचावीत हे बरे. ही काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण छडीवर बसून कोणी उडत नाही हे मुलाला ठाऊक असते. त्याच्या मनात जे राहते ते वेगळेच: दुबळ्याशी कोण कसे वागले, आणि मी कोणाच्या बाजूने उभा राहिलो. जादू नसलेल्या पुस्तकातही खुशामत आणि क्रौर्य भरपूर असू शकते.

सूरे यूसुफमधील किस्सा कुराणाने सर्वोत्तम किस्सा म्हटला आहे. कलामे-इलाहीची तुलना कादंबरीशी करण्याची बेअदबी कोणी करू नये. शिकण्यासाठी मात्र त्याकडे जरूर पाहावे. तो सुरू होतो एका मुलाच्या स्वप्नाने: अकरा तारे, सूर्य आणि चंद्र त्याच्यापुढे झुकलेले. हीसुद्धा निवड आहे. पण ऐकताच वडिलांच्या मनात भावांच्या मत्सराची काळजी येते, आणि आपल्याही. मग विहीर, गुलामी, तुरुंग. स्वप्न खरे होते ते शेवटी, आणि त्या वेळी यूसुफ (अ.) भावांना माफ करतात. निवडले जाणे म्हणजे इनाम नव्हे, जबाबदारी, हे यापेक्षा स्पष्ट कुठे सापडेल?

बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात आम्हाला 'सज्जता प्रवर्तन' नावाचे कौशल्य शिकवतात. पाठ सुरू करण्यापूर्वी वर्गाचे मन त्याकडे वळवायचे. त्यातला एक नियम महत्त्वाचा: प्रस्तावनेचा पाठाशी संबंध हवा. नळाची तोटी दाखवून वर्गाला हसवले आणि मग शिकवले व्याकरण, तर लक्ष मिळाले पण ते वाया गेले. कादंबरीला हाच नियम लागू आहे, आणि त्यात मी एकच भर घालीन. पहिल्या प्रकरणाने मुलाला कोणाची काळजी करायला लावली, हे विचारावे. स्वतःचीच, तर सावध व्हावे. दुसऱ्या कोणाची, तर दार उघडून द्यावे.

हे तपासायला फार खटाटोप लागत नाही. पहिले प्रकरण घरात मोठ्याने वाचावे, पुस्तक मिटावे आणि विचारावे, "लायराने कपाटातून बाहेर यावे का?" एक मूल लगेच हो म्हणेल. दुसरे म्हणेल, आधी ती पूड कसली आहे ते तर कळू दे. दोघांना भांडू द्यावे. पुस्तक परत उघडायची घाई आपण करू नये.