एजवर्थ घराण्याचे पत्रदफ्तर

आयर्लंडमधील लाँगफर्ड परगण्यातल्या एजवर्थस्टाउन येथे, वडिलांच्या चार विवाहांतून झालेल्या २२ अपत्यांच्या मेळ्यात, मराया एजवर्थ या लेखिकेचे बहुतेक आयुष्य गेले. १८०० साली निघालेल्या ‘कॅसल रॅक्रेंट’ने बाईंचे नाव सर्वदूर झाले, तथापि कुळांचा वसूल, जमाखर्च, धाकट्या भावंडांचे धडे हे सारे सांभाळूनच त्यांचे लेखन चाले, आणि तेही स्वतंत्र दालनात नव्हे, तर अवघे कुटुंब जेथे उठे-बसे त्या खोलीत, एका लहानशा मेजावर. १८१७ साली मृत्यू समीप आला असता वडिलांनी त्या मेजावर एक लेख लिहवून ठेवला: कन्येचे ग्रंथ याच साध्या मेजावर सिद्ध झाले, आणि त्यांत तिने कोणाही व्यक्तीच्या चारित्र्यावर आघात केलेला नाही, असा त्याचा आशय. पित्याने दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून तो हृद्य आहेच. पण लेखिकेने स्वतःला घालून घेतलेल्या मर्यादेचाही तो दाखला आहे.

ती मर्यादा पत्रांना नव्हती. आत्याला वा भावंडांना लिहिताना बाई भेटलेल्या माणसांविषयी निःसंकोच लिहीत. आणि म्हणूनच, मला वाटते, आपले चरित्र लिहू नये व पत्रे प्रसिद्ध करू नयेत, अशी इच्छा त्यांनी घरच्यांपाशी नमूद करून ठेवली. १८४९ साली त्या निवर्तल्या. त्यांच्याहून वयाने धाकट्या असलेल्या सावत्र आईने पत्रे निवडून जो स्मृतिग्रंथ तयार केला, तो १८६७ साली खासगी रीतीने छापला गेला. पुढे १८९४ साली ऑगस्टस हेअर यांनी पत्रे सर्वांसाठी प्रकाशित केली. मृताच्या इच्छेचा भंग ही लहान गोष्ट नव्हे, आणि तरीही घरच्यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही.

त्याचे कारण १८३४ सालच्या पत्रांत आहे. बाईंचा धाकटा सावत्र भाऊ पॅकनम हा त्या वेळी कंपनीच्या मुलकी नोकरीत हिंदुस्थानात होता. सद्यःस्थितीतील आयर्लंड कादंबरीत रेखाटणे अशक्य झाले आहे, पक्षोपपक्षांचे विकार फार प्रखर झाले आहेत, असे त्यांनी त्याला कळवले; त्याच वर्षी निघालेली त्यांची अखेरची कादंबरी ‘हेलन’ इंग्लंडातील उच्चभ्रू समाजाविषयी आहे. परंतु आदल्या वर्षीच्या कॉनेमारा प्रवासाचा वृत्तांत त्यांनी याच भावाला विस्ताराने लिहून धाडला: दलदलीत रुतणारी गाडी, ती बाहेर काढणारे शेतकरी, बॅलिनाहिंच येथील मार्टिन घराण्याचा ऐसपैस संसार आणि त्या घरची बहुश्रुत कन्या. ग्रंथातून हद्दपार झालेला आयर्लंड असा टपालातून समुद्रापार रवाना झाला. तो वृत्तांत १९५० साली पुस्तकरूपाने निघाला. घरच्यांनी ही पत्रे चुलीत घातली असती तर इच्छेचा मान राहिला असता. मात्र ‘हेलन’ लिहिणाऱ्या बाईंना आपला देश दिसेनासा झाला होता, असा अन्यायाचा निवाडा पुढच्या वाचकांनी निःशंकपणे दिला असता.