चढत जाणारी जमीन

अमेरिकेत वैमानिकाचा परवाना मिळवताना पर्वतीय उड्डाणाची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. ओहायोच्या सपाटीवर शिकलेला माणूस परवाना हाती पडल्यावर दुसऱ्याच दिवशी चार आसनी सेसना 172 घेऊन रॉकी पर्वतात शिरला, तर कायदा त्याला अडवत नाही. तरीही पूर्वेकडचे अनेक हौशी वैमानिक दोनेक हजार किलोमीटर उडून कोलोरॅडोला जातात आणि पदरमोड करून हे शिक्षण घेतात. कोलोरॅडो पायलट्स असोसिएशनसारख्या संस्था त्याचे रीतसर वर्ग चालवतात. आधी फळ्यावरचा भाग होतो, मग प्रशिक्षकाला शेजारी बसवून खिंडींवरून प्रत्यक्ष उड्डाण.

विमान घरापासून न्यावे की डेन्व्हरला पोचून भाड्याने घ्यावे, हा वरवर खर्चाचा प्रश्न आहे. शिकण्याच्या दृष्टीने मात्र पहिला मार्ग उजवा, आणि त्याचे कारण म्हणजे वाटेत लागणारे कॅन्सस. या राज्याचा आग्नेय कोपरा समुद्रसपाटीपासून जेमतेम 700 फुटांवर, तर पश्चिम सीमेवरचे माउंट सनफ्लॉवर 4,039 फुटांवर आहे. नावात पर्वत असला तरी तिथे उंचवटासुद्धा चटकन ओळखू येत नाही. सगळे राज्यच पश्चिमेकडे हळूहळू चढत जाते. 6,500 फुटांची उंची धरून उडणाऱ्याचा उंचीमापक सतत तोच आकडा दाखवतो, पण आग्नेय टोकाला विमानाखाली पावणेसहा हजार फूट मोकळे असतात आणि पश्चिम सीमेपाशी अडीच हजारच उरतात. खाली शेते तशीच दिसत राहतात, मधे काही घडल्याची खूण नसते. सीमेजवळच्या गुडलंडला इंधनासाठी उतरावे तर धावपट्टीच 3,656 फुटांवर. दुपारी पारा 35 अंशांवर असला, की विमानाला तिथली हवा जणू 6,900 फुटांवरची असावी इतकी विरळ लागते.

या हिशेबी उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. समुद्रसपाटीला 15 अंश हे प्रमाण तापमान मानले आहे आणि दर 1,000 फुटांना ते सुमारे 2 अंशांनी उतरते. प्रत्यक्ष तापमान प्रमाणापेक्षा जितके अंश जास्त, त्या दर अंशामागे 120 फूट मूळ उंचीत मिळवायचे. विरळ हवेचा मार तिहेरी असतो. पंखांना उचल कमी मिळते, पंख्याची ओढ घटते आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकद दर 1,000 फुटांमागे साधारण 3 टक्क्यांनी कमी होते.

डेन्व्हरजवळचा सेंटेनियल विमानतळ 5,885 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर आहे. पण कोर्समधले खरे ठिकाण लेडव्हिल. 9,934 फुटांवरचा हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच सार्वजनिक विमानतळ. 20 अंशांच्या सुखद दिवशी तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड 12,900 फुटांच्या घरात जाते. सेसना 172 च्या अलीकडच्या मॉडेलची चढण्याची कमाल मर्यादा 14,000 फूट. थोडक्यात, धावपट्टीवर उभे असलेले विमान आपल्या छतापासून हजारभर फुटांवरच असते.

इथे सपाटीवरची एक सवय नडते. टेक-ऑफच्या आधी मिक्श्चरचा, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचा, लाल नॉब पूर्ण आत ढकलायचा, हे हाताला इतके वळणी पडलेले असते की त्यासाठी विचारच करावा लागत नाही. लेडव्हिलला तसे केले तर विरळ हवेत पेट्रोल जास्त होते, इंजिन खोकते आणि उरलीसुरली ताकदही देत नाही. म्हणून धावपट्टीच्या टोकाला ब्रेक दाबून थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि लाल नॉब सावकाश मागे ओढत जायचे. आवाज मोकळा होतो, फेऱ्यांचा काटा वर सरकतो आणि एका जागी पोचून घसरू लागतो. त्या जागेच्या किंचित पुढे नॉब ढकलून ठेवायचा. शिवाय टाकी अर्धीच भरायची, सामान खाली ठेवायचे, आणि अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नाही तर थ्रॉटल ओढून थांबायचे. हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा, कारण तो उमेदीला वाव ठेवत नाही.

वाऱ्याचा भाग मोठा आहे, पण त्यातले सूत्र एकच: हवा डोंगरावरून पाण्यासारखी वाहते. वाऱ्याकडच्या उतारावर ती वर चढते, पलीकडे कोसळते. जोराचा वारा असेल तर कड्यामागे भोवरे तयार होतात आणि उंचावर भिंगाच्या आकाराचे देखणे, स्थिर ढग उभे राहतात. हे ढग दिसले की छोट्या विमानाने त्या दिवशी जमिनीवर राहावे. माथ्यावरचा वारा 25 नॉटच्या पुढे असला तरी तेच. उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी ढग जमतात, म्हणून उड्डाण पहाटे सुरू करून दुपारच्या आत संपवायचे. कडा ओलांडायचा तो सरळ समोरून नाही, 45 अंशांच्या कोनातून, म्हणजे हवा खाली दाबू लागली तर थोड्याच वळणात विमान बाहेर निघते.

दरीतून उडताना मधोमध राहू नये, हेही त्यातलेच. मधून वळायला अर्धीच रुंदी मिळते, कडेने पूर्ण. वळणाचा घेर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 100 नॉट वेग आणि 30 अंशांचा कल धरला तर मागे फिरायला सुमारे 930 मीटर रुंदी लागते. 10,000 फुटांवर वेगमापक 100 च दाखवत असतो, पण विरळ हवेमुळे खरा वेग 117 च्या आसपास असतो आणि रुंदी लागते जवळपास 1,280 मीटर. मापक खोटे बोलत नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

2 ऑक्टोबर 1970 रोजी विचिटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला नेणारी दोन विमाने डेन्व्हरला इंधन भरून निघाली. एक वायोमिंगमार्गे वळसा घालून सुखरूप पोचले. दुसऱ्याने प्रवाशांना निसर्ग दिसावा म्हणून क्लियर क्रीकच्या दरीची वाट धरली. ते मार्टिन 4-0-4 जातीचे दोन इंजिनांचे प्रवासी विमान होते, वजन मर्यादेहून अधिक होते. वर चढत जाणारी दरी विमानापेक्षा जलद चढत होती. पुढचे डोंगर ओलांडण्याइतकी उंची नाही आणि वळण्याइतकी रुंदीही नाही, अशा जागी ते अडकले. 31 जण दगावले. विमान छोटे की मोठे, याने इथे फरक पडला नाही. परत फिरण्याची जागा काही मिनिटांपूर्वीच मागे पडली होती, आणि त्या वेळी समोरचे दृश्य बहुधा सुंदरच असणार. कॅन्ससमध्ये जी जमीन काही तासांत चढते, ती इथे मिनिटांत चढते. चढत्या तळाला डोळा सपाट मानतो, नाक नकळत वर उचलले जाते आणि वेग गळतो. म्हणून प्रशिक्षक दरीत शिरण्याआधीच विचारतो: कुठून परत फिरणार? उत्तर नकाशावर बोट ठेवून द्यावे लागते.

ज्ञानाने धोका शून्यावर येत नाही. पर्वतीय उड्डाणावरच्या प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक स्पार्की आयमसन स्वतः 2009 साली मोंटानात विमान अपघातात गेले. शिवाय कोलोरॅडोत शिकलेले सगळीकडे पुरतेच असे नाही. तिथला भर उंचीवर आणि खिंडींवर असतो, आयडाहोतला अरुंद घळींवर. तिथल्या फ्रँक चर्च अभयारण्यातल्या काही कच्च्या पट्ट्यांवर एकाच बाजूने उतरता येते आणि शेवटचे वळण घेतल्यावर पुन्हा वर उठण्याची सोय नसते. लेडव्हिल केलेल्यानेही तिथे पहिल्यांदा जाताना स्थानिक प्रशिक्षक सोबत घ्यावा.